कब ते स्काऊट: मधल्या पायरीवर कोण उभं आहे?

मार्चच्या शेवटच्या शनिवारी आमच्या भागातल्या काही शाळांच्या कब (स्काऊट चळवळीतली धाकटी मुलं) आणि स्काऊट पथकांची एकत्र बैठक झाली. विषय दरवर्षीचाच होता. दहा वर्षं पूर्ण झालेल्या, चौथी संपवून पाचवीत जाणाऱ्या कबना स्काऊट पथकात कधी पाठवायचं? दीड तास वाद चालला. एका बाजूचं म्हणणं, वय झालं की त्याच महिन्यात पाठवा, नियम तो नियम. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, पोरं अजून कोवळी आहेत, वरची मुलं दांडगी आहेत, सहा महिने राहू द्या. शेवटी ‘वार्षिक परीक्षेनंतर, शाळेच्या सोयीप्रमाणे’ असं ठरलं आणि सगळे उठले. मी गेली चौदा वर्षं कब पॅक, म्हणजे कबचं पथक, सांभाळते. घरी येताना गाडीत उभ्या उभ्या एकच गोष्ट मनात घोळत होती, की आपण दीड तास तारखेवर भांडलो आणि मुलाबद्दल काहीच बोललो नाही.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगते. लहानांना वर पोचवण्याचं काम खालच्यांचं नाही, वरच्यांचं आहे. स्काऊट पथकातल्या थोरल्या मुलांनी खाली पॅकमध्ये यावं, काही आठवडे तिथे रमावं आणि मग त्या लहानग्यांना सोबत घेऊन वर जावं. हे होत नसेल तर जूनची तारीख धरा नाहीतर दिवाळीची, मुलं गळणारच. आणि ती गळली की आपण मोबाइलला, क्लासला, आईवडिलांना दोष देत बसणार.

ज्यांचा या चळवळीशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. भारत स्काऊट्स आणि गाईड्समध्ये साधारण दहा वर्षांपर्यंतचे मुलगे कब असतात, मुली बुलबुल. दहाव्या वर्षापासून स्काऊट आणि गाईड. सोळाच्या आसपास रोव्हर आणि रेंजर, ते पंचविशीपर्यंत. कबचं ब्रीद ‘कोशिश करो’, स्काऊटचं ‘तैयार’, रोव्हरचं ‘सेवा’. कागदावर हा जिना फार सुरेख आहे. पण जिन्याला जिथे वळण असतं तिथेच माणूस अडखळतो, आणि आपल्या या जिन्याला दोन वळणं आहेत, एक दहाव्या वर्षी आणि दुसरं दहावीनंतर.

पहिल्या वळणावर नेमकं काय होतं ते मी जवळून पाहिलं आहे. मुंबईतल्या कितीतरी मराठी शाळांत प्राथमिक विभाग सकाळी भरतो आणि माध्यमिक दुपारी. इमारत एकच, पण मुख्याध्यापक दोन, शिक्षकखोल्या दोन. सकाळची घंटा झाली की आम्ही बाई मंडळी पिशव्या उचलून निघतो आणि दुपारचे सर जिन्यात भेटले तर मान हलवतो. माझ्या पॅकची सभा शनिवारी सकाळी, स्काऊट पथकाची शनिवारी दुपारनंतर. त्याच मैदानावर, त्याच झेंड्याच्या काठीखाली, पण कबने कधी स्काऊट पाहिलेला नसतो आणि स्काऊटला कब म्हणजे ‘ती चिल्लर पोरं’. मग एका दिवशी आम्ही मोठ्या प्रेमाने निरोपाचा समारंभ करतो. पॅक गोलात उभा राहतो, ग्रँड हाऊल, म्हणजे सगळ्यांची एकत्र आरोळी, होतं, मी मुलाला हाताला धरून स्काऊटमास्तरांपर्यंत नेते, टाळ्या वाजतात. फोटो निघतो. पुढच्या शनिवारी ते मूल दुपारी एकटंच येतं.

एका मुलाचं सांगते. माझ्या पॅकमधला फार चुणचुणीत मुलगा होता, आपल्या षटकाचा, म्हणजे सहा जणांच्या गटाचा, नायक, कबच्या चाचण्यांत चतुर्थ चरणापर्यंत पोचलेला. लहान मुलांच्या बुटांच्या नाड्या बांधून द्यायचा. त्याला आम्ही समारंभाने वर पाठवला. दुपारच्या सभेत झेंडावंदनाला त्याने सवयीने कबचा सॅल्यूट केला, दोन बोटांचा. स्काऊटचा सॅल्यूट तीन बोटांचा. शेजारची सातवी-आठवीची मुलं हसली. कोणी वाईट वागलं नाही, मारलं नाही, चिडवलंही फारसं नाही. नुसतं हसली. पाच आठवड्यांनी त्याच्या आईने मला रस्त्यात सांगितलं, ‘बाई, तो म्हणतो पोट दुखतं शनिवारी.’ मी त्या वर्षीची हजेरीची वही काढून बघितली. सात मुलं वर गेली होती, दिवाळीनंतर दोन येत होती. ती दोन का टिकली? एकाचा सख्खा भाऊ पथकात होता आणि दुसरा त्या भावाच्याच चाळीत राहणारा. बाकीच्या पाचांचं वर कोणी नव्हतं. तेव्हा मला जे कळलं ते इतकं साधं होतं की इतकी वर्षं दिसलं कसं नाही याचं दुःख झालं.

आता माझ्या विरोधातले मुद्दे. त्यातला पहिला खरोखर वजनदार आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. पालक विचारतात, दहा वर्षांच्या मुलाला सोळा वर्षांच्या मुलांबरोबर शिबिरात, तंबूत, रात्री का पाठवायचं? ही भीती पोकळ नाही. मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्ध पॉक्सो कायदा २०१२ साली करावा लागला तो उगाच नाही. थोरल्यांकडून धाकट्यांना त्रास होतो, वसतिगृहांत होतो, खेळाच्या संघांत होतो. म्हणून या पालकांना ‘तुम्ही फार काळजी करता’ असं म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी उभी राहणार नाही. पण या भीतीचं उत्तर काय? मुलाला आणखी सहा महिने पॅकमध्ये ठेवलं की पथकातली मुलं बदलतात का? साडेदहा वर्षांचं मूल तितकंच अनोळखी म्हणून तिथे जाणार. धोका असतो तो अनोळखी आणि न बघितल्या जाणाऱ्या जागी. उलट जो थोरला मुलगा आठ-दहा शनिवार माझ्या पॅकमध्ये, माझ्या डोळ्यांसमोर, लहान मुलांत वावरला, त्याला मी ओळखते, पालक ओळखतात, मुलं ओळखतात. कोण हळुवार आहे आणि कोणाचा हात चटकन उठतो हे आठ शनिवारांत कळतं. दोन मोठी माणसं कायम हजर, कोणीही एकटा कोणा लहानग्याला घेऊन आडबाजूला जाणार नाही, लहानांचे तंबू वेगळे, हे नियम तर हवेतच. सोबतीची पद्धत त्या नियमांची जागा घेत नाही. तिच्यामुळे ते नियम पाळले जातात की नाही हे बघणारे डोळे वाढतात.

दुसरा मुद्दा शिक्षकांचा, आणि तो मांडताना माझेच सहकारी पोटतिडकीने बोलतात. निवडणुकीची कामं आम्हीच करायची, मतदारयाद्या, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं, वर शिष्यवृत्ती परीक्षा. स्काऊटमास्तर म्हणजे बहुतेक वेळा गणिताचा किंवा पीटीचा शिक्षक, ज्याला हे काम वर्गाच्या तासांवर चढवून दिलेलं असतं. त्याने आता खालच्या मुलांकडेही बघायचं? हे सगळं खरं आहे, मी स्वतः त्यातून जाते. पण मी शिक्षकाचं काम वाढवायला सांगतच नाहीये. मी आठवीतल्या मुलाला काम द्यायला सांगते आहे. आणि स्काऊटिंग उभं राहिलं तेच मुळी या कल्पनेवर.

१९०७ सालच्या ऑगस्टमध्ये स्काऊट चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडच्या ब्राउनसी बेटावर पहिलं प्रायोगिक शिबीर घेतलं तेव्हा त्यांनी वीसएक मुलांच्या चार तुकड्या केल्या आणि प्रत्येक तुकडीवर एक थोरला मुलगा नेमला. मुलं सांभाळायला मोठ्या माणसांची फौज उभी केली नाही. पॅट्रोल पद्धत म्हणतात ती हीच. गंमत म्हणजे पुढे १९०८ मध्ये त्यांचं स्काऊटिंगवरचं पुस्तक निघालं, पथकं वाढली आणि धाकटे भाऊ कुंपणावरून डोकावू लागले, आम्हालाही घ्या म्हणू लागले. त्यांच्यासाठी वुल्फ कब ही शाखा रीतसर १९१६ साली आली. आणि मोठी झालेली मुलं सोडून चालली म्हणून १९१८ साली रोव्हर. म्हणजे हा जिना वरपासून खालपर्यंत एका आराखड्याने बांधलेलाच नाही. आधी मधला मजला झाला, मग खालचा आणि वरचा त्याला जोडले. जोडलेल्या इमारतीत सांधा असतो आणि पाणी गळतं ते सांध्यातून. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या सांध्याकडे आज कोणी बघायला नको का?

जगात बघणारे आहेत. ब्रिटनमध्ये मूल एका गटातून पुढच्या गटात जाताना काही आठवडे दोन्ही गटांच्या सभांना हजर राहतं आणि ते नीट पार पाडल्याबद्दल त्याला एक बॅज मिळतो. अमेरिकेत कबच्या छोट्या तुकडीला मदत करायला पथकातला एक थोरला स्काऊट नेमलेला असतो, त्याला डेन चीफ म्हणतात, ते मानाचं पद समजलं जातं. या दोन्ही गोष्टींना पैसे लागत नाहीत. आपल्याकडे सोपानांची (स्काऊटच्या टप्प्यांची), पुरस्कारांची, चाचणी शिबिरांची सगळी उतरंड आहे, पण थोरल्याने धाकट्याला आणलं याची नोंद ठेवायला माझ्या पाहण्यातल्या कुठल्याही शाळेच्या वहीत रकाना नाही.

पण मला इंग्लंड-अमेरिकेची उदाहरणं द्यायची तशी गरजच नाही. मुंबई उभी राहिली तीच या पद्धतीने. आमचे आजोबा रत्नागिरीकडून बोटीने आले, भाऊच्या धक्क्यावर उतरले. त्या काळी कोकणातून आलेला पोरगा धक्क्यावर उतरला की बावरायचा नाही, कारण गावचा कोणीतरी त्याला उतरवून घ्यायला आलेला असायचा. तो त्याला गिरणगावातल्या गावकीच्या खोलीत न्यायचा. पंचवीस-तीस माणसं पाळीपाळीने झोपायची त्या खोलीत. नवा पोरगा कुठे अंथरूण टाकणार, खाणावळीत नाव कोण घालणार, गिरणीत जॉबरशी, म्हणजे मुकादमाशी, कोण बोलणार, हे सगळं आधीच्यांनी ठरवलेलं असायचं. तो पोरगा तयार होऊन आला होता का? मुळीच नाही. चौदा-पंधरा वर्षांचं, घाबरलेलं पोर ते. त्याला मुंबईने तयार केलं, कारण उतरवून घेणारा होता. ज्यांना कोणी उतरवून घेतलं नाही त्यांपैकी कितीजण परतीच्या बोटीने गेले आणि कितीजण फुटपाथवर राहिले याचा हिशेब कोणी ठेवला नाही. आज आपण कबला म्हणतो, ‘तू तयार झालास की जा.’ धक्क्यावर कोण आहे हे विचारत नाही.

उपनयन या शब्दाकडेही बघा. उप म्हणजे जवळ, नयन म्हणजे नेणं. तो संस्कार काही जातींपुरता आणि मुलग्यांपुरताच राहिला ही त्याची मोठी उणीव आहे आणि मी त्याची भलामण करत नाही. पण ज्यांनी तो रचला त्यांना एवढं समजलं होतं की मूल घरातून गुरूकडे आपोआप जात नाही, त्याला न्यावं लागतं. आईच्या ताटातलं शेवटचं जेवण आधी असतं, मग पुढचं. आपल्या समारंभात निरोप आहे, टाळ्या आहेत. पुढचं नेणं कुठे आहे?

इथे दुसरी बाजू एक चांगला प्रश्न विचारते. मुलांना स्वतःच्या पायावर उभं करायला स्काऊटिंग आहे ना? मग त्यांना हात धरून कशाला न्यायचं? असं करत गेलात तर कडेवर बसून स्काऊट होतील. मला हा प्रश्न आवडतो, कारण विचारणाऱ्याला मुलांची कणखरता प्यारी आहे, आणि मलाही आहे. मी फक्त म्हणते, शिवाजी पार्कला जाऊन लहान मुलांचा मल्लखांब बघा. पहिल्यांदा दसरंग ही उडी करणाऱ्या पोराच्या खाली थोरला मुलगा हात पुढे करून उभा असतो. तो पोराला धरत नाही, उचलत नाही, नुसता उभा असतो. पोर चुकलं तर झेलतो. दहा-बारा दिवसांनी तो एक पाऊल मागे जातो, महिन्याने दुसऱ्या पोराकडे जातो. त्या पोराला मल्लखांब येत नाही असं कोणी म्हणेल? आणि खाली कोणी नसतानाच चढ, असं सांगणाऱ्या उस्तादाकडे कुठली आई मूल पाठवेल? सोबत आणि लाड यांत फरक आहे तो हाच, की सोबत करणारा कधी मागे सरायचं हे जाणतो.

मुंबईच्या क्रिकेटमध्येही हेच घडत आलं आहे. शाळेच्या पातळीवर चौदा वर्षांखालच्यांची जाइल्स शील्ड वेगळी आणि सोळाखालच्यांची हॅरिस शील्ड वेगळी, वयाच्या भिंती आहेतच. पण १९४८ पासून भर पावसाळ्यात चालणाऱ्या कांगा लीगमध्ये शाळकरी पोरं तिशी-चाळिशीच्या माणसांबरोबर एकाच संघात खेळत आली. चिखलात चेंडू कसा उसळतो, बाद झाल्यावर तंबूत येऊन कसं बसायचं, कोणाची किट कोणी उचलायची, हे त्या पोरांनी मोठ्यांच्या शेजारी बसून घेतलं. मुंबईने इतके फलंदाज दिले त्याची कारणं अनेक, पण त्यांतलं एक हे नक्की आहे की इथे धाकटा थोरल्याच्या शेजारी बसत होता. वयोगट पाडणं सोयीचं असतं, पण त्या गटांना कुठेतरी खिडकी ठेवावी लागते.

आणि एक आक्षेप थोरल्या मुलांच्या वतीने येतो. आठवीतल्या मुलाला चिल्लर पोरांत काय रस? तो कंटाळेल, आणि दहावीला सवलतीचे गुण मिळावेत म्हणून स्काऊटच्या राज्य पुरस्कारामागे असलेला मुलगा यासाठी वेळ का देईल? गुणांचं बोलायचं तर मी कोणाला नावं ठेवणार नाही. मुंबईत चांगल्या कॉलेजच्या यादीत अर्ध्या टक्क्याने नाव खाली जातं, तिथे पालकांनी गुण मोजले तर त्यांचं काय चुकलं? पण कंटाळ्याचं मात्र मला पटत नाही, कारण मी उलटं पाहिलं आहे.

वही बघितली त्याच्या पुढच्या वर्षी मी दुपारच्या सरांकडून एक मुलगा मागून घेतला. सर हसतमुख आहेत पण त्यांनी मुलगा दिला तो असा, ज्याचं पथकात काही खरं नव्हतं. आठवीत दोनदा वर्गाबाहेर उभा केलेला. पहिल्या शनिवारी तो खिडकीपाशी हाताची घडी घालून उभा राहिला. दुसऱ्या शनिवारी मी त्याच्या हातात सुतळीचा गुंडा दिला आणि म्हटलं, मला क्लोव्ह हिच ही गाठ नीट येत नाही, तू शिकव. खरंच मला ती पटकन बांधता येत नाही. त्याने खिडकीच्या गजाला सुतळीचा एक वेढा घातला, दुसरा त्याच्यावरून आडवा टाकला आणि टोक खालून ओढून घेतलं. चार मुलं भोवती जमली. एकाला जमेना. त्याने त्या मुलाची बोटं आपल्या हातात घेऊन सुतळीवर ठेवली, आणि म्हणाला, ‘ओढू नको, आधी बघ कुठून येतेय.’ त्याच्या शिक्षकांनी त्याला हे वाक्य कधी ऐकवलं असेल असं मला वाटत नाही. सहाव्या शनिवारी तो वेळेआधी आला होता.

त्या वर्षी जी मुलं वर गेली त्यांना तो स्वतः घेऊन गेला. जाण्याआधीच्या शनिवारी त्याने सगळ्यांना भिंतीपाशी उभं केलं आणि तीन बोटांचा सॅल्यूट घोटवून घेतला. अंगठ्याने करंगळी दाबायची, तीन बोटं म्हणजे प्रतिज्ञेचे तीन भाग, असं सांगत. मी त्याला त्या मागच्या वर्षीच्या मुलाची गोष्ट सांगितली नव्हती. त्याने आपणहून केलं, कारण त्याला आठवत होतं की आपल्यावर कोण हसलं होतं. मोठ्या माणसाला हे आठवत नाही. आपण दोन नियमांचं कबचं जग आणि नऊ नियमांचं स्काऊटचं जग यांतला फरक पुस्तकातून समजावतो. तेरा वर्षांच्या मुलाला त्या फरकातले खड्डे कुठे आहेत ते पायाला माहीत असतं. म्हणून हे काम त्याचंच आहे. मी कितीही प्रेमाने केलं तरी मला ते तितकं येणार नाही.

जे या पद्धतीने वर गेले ते सगळे टिकले, असं मी म्हणणार नाही. एक मुलगा घर बदलून विरारला गेला, एकाला पोहण्याची गोडी लागली आणि शनिवार तिकडे गेला. त्यात वाईट काही नाही. मुलाने दुसरं काही आवडलं म्हणून सोडणं वेगळं आणि पोटात गोळा येतो म्हणून सोडणं वेगळं. आपल्याला या दुसऱ्या प्रकारच्या सोडण्याची काळजी करायची आहे.

दहावीनंतरच्या दुसऱ्या वळणाबद्दल थोडक्यातच बोलते, कारण माझा अनुभव खालचा आहे. पण तिथे परिस्थिती अधिक वाईट आहे हे दिसतं. शाळा सुटली की पथक सुटलं. पुरस्काराचं प्रमाणपत्र फाईलमध्ये लागतं, अकरावीचा प्रवेश होतो, आणि बऱ्याच कॉलेजांत रोव्हर क्रू, म्हणजे रोव्हरांचं पथक, नसतंच. असतात ती एनसीसी आणि एनएसएस, दोन्ही चांगल्या, पण त्यांना या मुलाचं मागचं काही ठाऊक नसतं. शाळेला न जोडलेली मुक्त पथकं मुंबईत आहेत, त्यांत विशीतले रोव्हर असतात. त्यांनी नववीच्या मुलांच्या शेकोटीला यायला काय हरकत आहे? एका संध्याकाळी येऊन बसले, कर्नाळ्याच्या किंवा कान्हेरीच्या हायकला बरोबर चालले, तरी दहावीच्या मुलाला निकालानंतर कोणाला फोन करायचा ते माहीत असेल. हा दुसरा सांधा सांधला गेला तर पहिल्याचा प्रश्नही हलका होतो, कारण शिक्षकांच्या कमतरतेवर खरं औषध म्हणजे हेच पंचविशीच्या आतले रोव्हर आणि रेंजर. ते आपल्याला मिळत नाहीत कारण आपण त्यांना सोळाव्या वर्षी जाऊ देतो.

कोणी म्हणेल, ही सगळी इंग्रजांची देणगी, तिच्यासाठी एवढा जीव कशाला काढायचा. या प्रश्नाचं उत्तर १९१६ मध्ये अ‍ॅनी बेझंट यांनी आणि १९१८ मध्ये पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू, श्रीराम बाजपेयी यांनी भारतीय मुलांसाठी वेगळ्या स्काऊट संघटना काढून दिलं. आणि ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काऊट्स आणि गाईड्स स्थापन झाली, ती आपली. खालच्या पॅकमध्ये आपण जे अकेला, बालू, बघीरा म्हणतो ते ज्याच्या गोष्टींतून आले तो रुडयार्ड किपलिंग ३० डिसेंबर १८६५ रोजी इथेच, आपल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात जन्मला. त्याच्या साम्राज्यवादी मतांशी माझं कधी जमलं नाही. पण त्याच्या मोगलीच्या गोष्टीत माणसाचं पिल्लू लांडग्यांच्या कळपात येतं तेव्हा नुसतं सोडून दिलं जात नाही. कळपाच्या सभेत त्याच्या बाजूने बोलायला दोघांनी उभं राहावं लागतं, आणि अस्वल आणि काळा बिबळ्या उभे राहतात. मुलांना ही गोष्ट आम्ही दरवर्षी सांगतो. पथकात जाणाऱ्या कबच्या बाजूने कोण दोघं उभी राहतात?

म्हणून त्या मार्चच्या बैठकीत तारखेवर जो ठराव झाला तो राहू द्या, मला त्याच्याशी भांडण नाही. मला त्याच्यात तीन ओळी वाढवून हव्या आहेत. प्रत्येक स्काऊट आणि गाईड पथकाने वर्षाच्या सुरुवातीला दोन थोरली मुलं नावानिशी खालच्या पॅकला द्यावीत. जाणारं मूल निदान महिनाभर दोन्ही सभांना येईल अशी वेळ दोन्ही विभागांनी मिळून ठरवावी. आणि त्या थोरल्या मुलांच्या या कामाची नोंद त्यांच्या प्रगतीच्या वहीत स्काऊटमास्तरांच्या सहीने व्हावी, कारण जे लिहिलं जात नाही ते आपल्याकडे दोन वर्षांत विसरलं जातं. बुलबुलच्या मुलींसाठीही हेच; तिथे तर दहाव्या-अकराव्या वर्षी घरून येणं बंद होण्याची भीती जास्त, आणि ‘ताई न्यायला येते’ एवढ्या एका वाक्यावर कितीतरी आया हो म्हणतात हे मी ऐकलं आहे.

यंदा जूनच्या दुसऱ्या शनिवारी दुपारच्या विभागातला आठवीचा एक मुलगा आणि नववीची एक मुलगी माझ्या पॅकमध्ये येणार आहेत. आमची सभा साडेअकराला सुटते आणि मधलं फाटक दुपारच्या घंटेपर्यंत बंद असतं, त्यामुळे दोघांना आत घ्यायचं तर शिपायाला लेखी परवानगी लागते. दोन्ही मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र मी सोमवारी देते आहे.